नोटीस देव्हाऱ्यात ठेवू नका, ताई

बेळगावातून आलेलं पत्र असं आहे: "वडगावात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. २०२१ साली एका गृहवित्त कंपनीचं १४ लाखांचं कर्ज काढून बांधलं. हप्ता तेरा हजार. मालक उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डर होते. दिवाळीनंतर काम बंद पडलं, आता मिळेल तिथे रोजंदारीवर जातात. चार हप्ते थकले. बावीस दिवसांपूर्वी इंग्रजीत नोटीस आली, सोबत एक कागद कन्नडमध्ये. मुलानं वाचून सांगितलं, साठ दिवसांत १३ लाख २० हजार भरा, नाहीतर घर ताब्यात घेऊ. मालक म्हणतात, बघूया की काय होतंय ते. कंपनीचा फोन उचलत नाहीत. दीर म्हणतात, ओळखीच्या माणसाकडून शेकडा दोननं दोन लाख आणून तोंडावर मारू. सासूबाई पाटल्या मोडायला निघाल्यात. गल्लीत कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. आमचं घर जाणार का? नाव छापू नका."

ताई,

आज तुमचं घर जात नाही. उद्याही जात नाही. नोटीस हातात पडून बावीस दिवस झालेत, म्हणजे अजून अडतीस शिल्लक आहेत. ते संपले म्हणून एकोणचाळिसाव्या दिवशी कुणी भांडी बाहेर फेकत नाही. मधे बऱ्याच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर तुम्हाला बोलायचा हक्क आहे. मात्र शेवटच्या पायरीपेक्षा पहिल्या पायरीवर बोलणं स्वस्तात पडतं, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितोय.

त्याआधी एक गोष्ट सांगतो. मी एकवीस वर्षं एका बँकेच्या वसुली खात्यात होतो. एका श्रावणात शहापुरातल्या एका घराला नोटीस लावायला गेलो. पाऊस असा की खळ दाराला धरेना, कागद दोनदा खाली घसरला. आतून एक आजी फडकं घेऊन आल्या. त्यांनी दार पुसून दिलं, मग विचारलं, "काय चिकटवलासा, बाबा?" मी म्हटलं, बँकेचा कागद आहे आजी, कुणी घरी आलं की दाखवा. एवढं बोलून मी निघालो. तीन महिन्यांनी ताब्यासाठी गेलो तेव्हा तो कागद त्यांनी काढून आणला. नीट वाळवून, चौघडी करून देव्हाऱ्यात यल्लम्माच्या तसबिरीखाली ठेवला होता, वर हळदकुंकू. मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला, त्याला फोनवर सांगितलं होतं, "बँकेचं काहीतरी आलंय." काय आलंय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मुदत केव्हाच उलटून गेली होती. त्या घराचा लिलाव झाला. कागदावर तारीख आहे आणि ती चालू झाली आहे, एवढी दोन वाक्यं मी त्यांना मराठीत सांगायला हवी होती. ती मी सांगितली नाहीत. या सदरात घराच्या कर्जाचं पत्र आलं की मी ते सगळ्यांत आधी उघडतो, ते त्यामुळे.

आता तुमचा कागद. त्यावर "सरफेसी" किंवा २००२ चा कायदा, कलम १३(२), असं कुठेतरी असेल, मुलाला शोधायला सांगा. या कायद्यानं बँकेला आणि गृहवित्त कंपनीला कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकता येतं. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं आणि त्यानंतर ही साठ दिवसांची नोटीस येते. नोटिशीत थकलेले चार हप्ते न मागता सगळं कर्ज मागितलेलं असतं. तेरा लाख वीस हजार हा आकडा बघूनच माणसाच्या पाचावर धारण बसते आणि तो पाकीट परत बंद करतो. तुमच्या मालकांचं नेमकं हेच झालंय. तेरा लाख आणायचे कुठून, म्हणून फोन उचलायचाच कशाला!

पण मालकांना दुसरा आकडा सांगा. तुमची खरी थकबाकी चार हप्त्यांची, म्हणजे बावन्न हजार. त्यात दंड आणि बाउन्सचे पैसे धरले तरी साठ हजारांच्या आसपास. पुढच्या महिन्याचा हप्ता आला की तो त्यात वाढेल. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की एनपीए झालेलं खातं पुन्हा नियमित करायचं तर व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरावी लागते. एक-दोन हप्ते भरून ते खातं वर येत नाही. म्हणून "थोडे थोडे भरतो" म्हणत दर महिन्याला पाच हजार टाकणारे कष्ट करूनही तिथेच राहतात. तुम्हाला साठ-पासष्ट हजार एकदम उभे करायचे आहेत आणि त्यानंतर दर महिन्याला तेरा हजार देता येतील की नाही, याचं खरं उत्तर घरात बसून काढायचं आहे. यातलं दुसरं जास्त अवघड आहे, त्याकडे नंतर येतो.

पैशाआधी कागद. येत्या दोन-तीन दिवसांत कंपनीला लेखी उत्तर द्या. कायद्याच्या कलम १३(३ए) मध्ये हा हक्क आहे: कर्जदारानं नोटिशीवर म्हणणं मांडलं की कंपनीनं ते विचारात घेऊन पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. २००४ साली सुप्रीम कोर्टानं मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात कर्जदाराचं म्हणणं ऐकायलाच हवं असं सांगितलं, त्यानंतर हे कलम आलं. पत्र साधं असू द्या. "तुमची अमुक तारखेची नोटीस अमुक तारखेला मिळाली. माझे पती फाउंड्रीत काम करत होते, ते काम दिवाळीनंतर बंद झालं. घर सोडायची किंवा कर्ज बुडवायची आमची इच्छा नाही. आजपर्यंतचा पूर्ण खातेउतारा, लावलेला व्याजदर आणि दंडाचा हिशेब द्या. थकबाकी भरून खातं नियमित करण्यासाठी आम्ही अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरू शकतो. हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळावी. यापुढचा पत्रव्यवहार मराठीत करावा." कर्ज दोघांच्या नावावर असेल तर सही दोघांची. एक प्रत शाखेत देऊन दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या, शिवाय स्पीड पोस्टानंही पाठवा. तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी पोच नसेल तर ते बोलणं झालंच नाही असं समजा.

मराठीचं म्हणाल तर ती मागणी मी उगाच घातलेली नाही. बिगरबँक वित्त कंपन्या आणि गृहवित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेची जी आचारसंहिता आहे तिच्यात कर्जदाराशी पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत करावा असं लिहिलेलं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना अटींचं जे मुख्य तपशील-पत्रक द्यायचं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. कंपनी म्हणेल, कन्नड ही इथली स्थानिक भाषा, आम्ही ती दिली. म्हणू दे. मागणी नोंदवलेली असली की पुढे कामी येते. मात्र नोटीस वाचता आली नाही म्हणून साठ दिवसांचं घड्याळ थांबत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागेल. तुमच्या दारावरच्या कागदाला साठच दिवस आहेत. भाषेचा हक्क मागत राहूया आणि तोवर कागद शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून का होईना, त्याच दिवशी वाचून घेऊया.

खातेउतारा आला की मुलाला घेऊन ओळ न् ओळ तपासा. दंड "दंडव्याज" म्हणून लावून त्यावर पुन्हा व्याज चढवलंय का ते बघा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये ती पद्धत बंद करायला सांगितली आणि २०२४ पासून दंड हा वेगळा आकार म्हणूनच घ्यायचा आहे, त्यावर व्याज नाही. व्याजदरही बघा. मे २०२२ पर्यंत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. त्या काळात कितीतरी लोकांचा हप्ता तोच ठेवून वर्षं परस्पर वाढवली गेली. पुढे २०२५ मध्ये रेपो दर खाली आला, तो तुमच्या खात्यात उतरलाय का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारूनच ठरवावं असा नियमही २०२३ मध्येच झालाय. कर्जात विम्याचा हप्ता मिसळलाय का तेही पाहा, बऱ्याच जणांना त्याचा पत्ताच नसतो.

आता दिरांच्या दोन लाखांबद्दल. शेकडा दोन म्हणजे महिन्याला चार हजार नुसतं व्याज, वर्षाला चोवीस टक्के. तुमचं घराचं कर्ज त्याच्या निम्म्या दराचंही नसेल. गरज साठ हजारांची असताना दोन लाख आणायचे आणि तेरा हजारांवर आणखी चार हजार चढवायचे, याला मी मदत म्हणणार नाही. आगीतून निघून फुफाट्यात पडणं आहे ते. दिरांची माया खरी असेल, ती त्यांनी दोन महिन्यांचा हप्ता भरून दाखवावी. कुणी विनापरवाना सावकार दारात येऊन धमकावत असेल तर कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम आणि मग कायदा झालाय, जबरदस्तीच्या वसुलीला त्यात तुरुंगवास आहे. पण तो कायदा तुमच्या गृहवित्त कंपनीच्या नोटिशीला लावायला जाऊ नका, तिथे तो उपयोगी पडणार नाही.

सासूबाईंच्या पाटल्या मोडायच्या नाहीत. गरज पडलीच तर बँकेत तारण ठेवा, मोडलेलं सोनं परत येत नाही. आणि तेही केव्हा, तर मालकांचं काम पुन्हा लागायची धड आशा असेल तेव्हाच. नसेल तर साठ हजार भरून चार महिन्यांनी पुन्हा हीच नोटीस आणि सासूबाईंचे हात रिकामे.

म्हणून ती अवघड बैठक. एका रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही, मालक, सासूबाई आणि मुलगा असे चौघं बसा. मुलाला वगळू नका, नोटीस त्यानंच वाचलीय. वहीत महिन्याची आवक लिहा: रोजंदारी, तुम्ही शिवण किंवा काही करत असाल तर ते, सासूबाईंची पेन्शन येत असेल तर तीही. पुढची खोली भाड्यानं देता येईल का? दोन खोल्यांत एक देणं म्हणजे काय ते मला कळतं, पण वर्षभरासाठी म्हणून विचार करा. तरीही बेरीज आठ-नऊ हजारांपुढे जात नसेल, तर कंपनीकडून मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याशिवाय मार्ग नाही आणि ते झालं नाही तर घर स्वतः विकायचा विचार वेळेत करायला हवा. हे लिहिताना माझा हात जड झालाय. पण कंपनीच्या संमतीनं तुम्ही स्वतः गिऱ्हाईक आणलं तर वडगावच्या बाजारभावाजवळचा दर येतो. लिलावात तो सहसा येत नाही. कर्ज फेडून उरलेले पैसे तुमचेच असतात, लिलाव झाला तरीही, पण लिलावात उरतं ते कमी.

मालकांशी बोलताना एवढं करा: "फोन का उचलत नाही" असं विचारू नका. भट्टीसमोर काम केलेला माणूस तो, घाबरलाय म्हणण्यापेक्षा त्याला लाज वाटतेय. त्यांना म्हणा, माझ्यासोबत शाखेत चला, बोलायचं मी बोलते. माझ्या अनुभवात, बाई समोर येऊन हिशेबाची वही उघडते तेव्हा शाखेतला माणूसही सरळ बोलतो. आणि गल्लीचं काय सांगू! तुमच्या गल्लीत निदान चार घरांत असंच पाकीट कपाटात पडलेलं असेल. वसुलीवाले सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, चारचौघांत अपमान करू शकत नाहीत. केलाच तर तारीख, वेळ, नाव लिहून ठेवा आणि आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, तिथे दाद लागली नाही तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स या तक्रार पोर्टलवर द्या. गृहवित्त कंपन्यांच्या तक्रारीची जागा ती आहे. कर्ज बँकेचं असतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं.

समजा साठ दिवस गेले आणि काही जुळलं नाही. मग कंपनी ताब्याची नोटीस दाराला लावते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते. हा ताबा बहुतेक वेळा आधी कागदावरचा असतो. प्रत्यक्ष घर रिकामं करायला अडवणूक होईल असं वाटलं की कंपनी कलम १४ खाली डीसी साहेबांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अर्ज करते, तिथून आदेश आला की पोलीस बंदोबस्तात ताबा. आदेशाशिवाय गुंड घेऊन कुणी कुलूप ठोकायला आलं तर ११२ फिरवा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, जाता येतं. दिवाणी कोर्टात जाऊन स्थगिती आणतो असं कुणी वकील म्हणाला तर फी देण्याआधी दुसऱ्याला विचारा, कारण दिवाणी कोर्टाला या कायद्यानं मज्जाव आहे. मागितलेलं सगळं कर्ज खर्चासकट भरून घर सोडवण्याचा हक्कही लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो त्यापुढे उरत नाही. लिलावाच्या दिवसापर्यंत वेळ आहे या समजुतीत राहू नका.

वकिलाच्या पैशाची काळजी नको. बाई म्हणून तुम्हाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडे अर्ज करा, किंवा १५१०० ला फोन करा. लोकअदालतीत तडजोडीसाठी प्रकरण ठेवायलाही तेच सांगतील. तिथे सही करण्याआधी आकडा दोनदा वाचा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

तुमचं पत्र वाचून बाकीचे वाचक आपापले कागद काढतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. सहकारी बँकेचं कर्ज असेल तर हाच कायदा लागतो, सुप्रीम कोर्टानं ५ मे २०२० ला तसं ठरवलं आणि तो खटला निपाणीपलीकडच्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचाच होता. पतसंस्था आणि कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्था यात येत नाहीत, त्यांना सहकार कायद्याखाली दावा लावून निवाडा घ्यावा लागतो. तो दावा एकतर्फी होऊ देऊ नका, समन्स आलं की हजर राहा. साधी वित्त कंपनी असेल, गृहवित्त नव्हे, तर २० लाखांखालच्या कर्जाला तिला सरफेसी वापरता येत नाही. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही हेही खरं, पण जमिनीच्या उताऱ्यावर शेती आणि जागेवर दुमजली घर असेल तर त्या भरवशावर झोपू नका.

आता राज्यकर्त्यांना सांगायचं ते. बेळगावात शेकडो संसार बाँडवर, म्हणजे नुसत्या स्टँप पेपरवर, घेतलेल्या प्लॉटवर उभे आहेत. एन.ए., म्हणजे बिगरशेती परवाना, नाही, मंजूर लेआउट नाही, म्हणून बँक दारात उभं करत नाही आणि तोच माणूस चौदा-अठरा टक्क्यांच्या कर्जाकडे वळतो. घर जाण्याची सुरुवात तिथेच होते, हप्ता थकण्याच्या कितीतरी आधी. हे प्लॉट नियमित करून त्यांना बँकेचं कर्ज मिळेल असं केलं तर निम्म्या नोटिशी छापाव्याच लागणार नाहीत असं माझं मत आहे. दुसरं, डीआरटी बेंगळुरात. रोजंदारीवरचा माणूस पाचशे किलोमीटरवर तारखांना कसा जाणार? हायकोर्टाचं खंडपीठ धारवाडला आलं, कारण लोकांनी वर्षानुवर्षं मागितलं. डीआरटीचं निदान फिरतं बेंच मागायला काय हरकत आहे? हा विषय केंद्राचा, तेव्हा निवेदन खासदाराकडे आणि हिवाळी अधिवेशनात सुवर्ण विधानसौधसमोरही. तिसरं, साठ दिवसांच्या नोटिशीआधी कर्जदाराला त्याच्या भाषेत समोर बसवून एकदा हिशेब समजावणं सक्तीचं करावं. अमेरिकेत १९३३ च्या मंदीत सरकारनं एक महामंडळ काढून सुमारे दहा लाख घरांची कर्जं नव्यानं, लांब मुदतीची करून दिली. त्यातली सगळी वाचली नाहीत, पण बहुतेक वाचली. हप्ता थकवणारा माणूस लबाडच असतो असं धरून ती योजना केलेली नव्हती. आपल्याकडे कोविडच्या काळात सहा महिने हप्ते थांबवता आले, मग फाउंड्री बंद पडलेल्या मोल्डरला सहा महिने का थांबवता येऊ नयेत?

ते होईल तेव्हा होईल. तुमचे अडतीस दिवस आजपासून मोजायचे. उद्या सकाळी मुलाकडून ते पत्र लिहून घ्या, परवा मालकांना घेऊन शाखेत जा, पोच घ्या, खातेउतारा मागा. कंपनीचं उत्तर आलं की त्याची झेरॉक्स माझ्याकडे पाठवा, कन्नडमध्ये असलं तरी चालेल, मी वाचून सांगतो. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, पाटल्या अजून हातातच असू द्या, आधी उतारा येऊ दे.